निरोपाचा हलवा

लान्सी तुस्कानो माणूस जोखायचा तो त्याच्या बॅगेवरून. यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याचं अर्धं आयुष्य बहरीनच्या एअरपोर्टवर दुसऱ्यांच्या नावाची पाटी धरून उभं राहण्यात गेलं, त्याला चेहरा उशिराच दिसणार. आधी ट्रॉली दिसते.

मआमीर गावाच्या पलीकडे, जिथे सित्र्याच्या कारखान्यांचा वास वाऱ्याबरोबर मैदानात येतो पण वाऱ्याबरोबर परत जात नाही, तिथल्या अल् सफीना क्लबात तो ॲडमिन कोऑर्डिनेटर होता. कार्डावर हे भारदस्त दिसे. प्रत्यक्षात काम एकच: परदेशी कोच आला की त्याला आत घ्यायचा, आणि वेळ झाली की बाहेर सोडायचा. आत घेताना व्हिसा, मेडिकल, रेसिडेंट कार्ड, फ्लॅट, गाडी. बाहेर सोडताना हेच सगळं उलट्या क्रमानं. मधल्या काळात कोच फुटबॉल शिकवत असे; ते खातं लान्सीकडे नव्हतं.

मधला काळ फार लांबत नसे. एक ब्राझीलवाला अत्तराच्या बाटल्यांची पेटी घेऊन आला आणि ती अर्धीही रिकामी व्हायच्या आत गेला. एका सर्बियननं स्वतःचा वजनकाटा आणला होता. खेळाडूंना तो रोज त्यावर उभं करी. शेवटी खेळाडूंनी मिळून त्याचंच वजन घालवलं. एक ट्युनिशियन तर बॅग उघडायच्याच भानगडीत पडला नाही. "हा खरा अनुभवी," असं लान्सी बायकोला म्हणाला होता.

जाणाऱ्यांसाठी लान्सीनं दोन रिवाज पाडले होते. पहिला हलव्याचा. बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत एक जुनं दुकान आहे, तिथून गोल पत्र्याचा डबा आणायचा. आत केशरी, चिकट, हात लावला की थरथरणारा बहरीनी हलवा, वर बदाम, आणि डब्याला पांढरी फीत. एअरपोर्टवर तो कोचच्या हातात ठेवायचा. माणूस क्लबाला शिव्या देत विमानात चढला तरी निदान गोड तोंडानं देत चढे.

दुसरा रिवाज नोटिशीचा. 'काढून टाकलं' असं कुठलाच क्लब लिहीत नाही. 'कोचनी कौटुंबिक कारणास्तव पद सोडलं असून क्लब त्यांचा आभारी आहे' असं लिहितात, आणि कोणी विचारलंच तर ते कारण काय, हे पुरवणं लान्सीकडे. त्यानं ब्राझीलवाल्याची आई आजारी पाडली. सर्बियनच्या बायकोला जुळं करून दिलं. ट्युनिशियनच्या सासऱ्याला तर थेट देवाघरी धाडलं, आणि पुढच्याच महिन्यात त्या ठणठणीत सासऱ्याची लान्सीला फेसबुकवर फ्रेंड रिक्वेस्ट आली.

हे क्लबातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. लान्सीच्या हातात डबा दिसला की मागाहून नोटीस येते, आणि नोटीस आली की कोणाचा तरी सासरा मरतो. लान्सी मात्र कधी कोणाला काही सांगत नसे. कोणी विचारलं तर चष्मा पुसत म्हणे, "आपलं काम बघ." या गुप्ततेचा त्याला अभिमान होता. खरं तर ती गुप्तता म्हणजे घंटाच होती, पण वाजवणाऱ्याला ऐकू जात नव्हती.

*

हार्म टेर्पस्ट्रा आला तेव्हा संघ तळाला होता आणि मोसम अर्धा संपला होता. बुडत्या संघानं बोलवायचा माणूस म्हणूनच त्याची ख्याती. ख्याती म्हणजे, दुसऱ्या कामाला त्याला आता कोणी बोलवत नसे.

लान्सीनं ट्रॉलीकडे पाहिलं. एक जुनी बॅग, आणि तिच्यावर हत्यारांची छोटी पेटी. स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, असली. उम्म अल हस्सम भागातल्या फ्लॅटमध्ये लान्सी त्याला वॉशिंग मशीन कसं चालतं ते दाखवत होता, तोवर त्या उंच, पिंगट भुवयांच्या डच म्हाताऱ्यानं कपाटाचं लटकलेलं दार उतरवून बिजागरी घट्ट केली होती. आधीच्या सगळ्या कोचांनी ते दार हातानं उचलून लावत दिवस काढले होते.

"मार्सू, हा राहायला आलाय," लान्सी घरी येऊन म्हणाला.

"सगळे राहायलाच येतात," मार्सेलिना म्हणाली. ती हॉस्पिटलात नर्स. तिथेही सगळे बरं व्हायलाच येतात.

हार्मची कहाणी त्यानं स्वतःच हळूहळू सांगितली, शुक्रवारी मार्सेलिनाच्या टेबलावर बसून. चर्चच्या मिस्साहून आल्यावर ती साफी मासा वसईच्या बाटली मसाल्यात करी आणि सोबत फुगे, पिठाचे टम्म गोळे, तळी. लान्सीनं कोचला एकदा बोलावलं आणि मग तो दर शुक्रवारी येऊ लागला. येताना रिकाम्या हातानं येत नसे. एकदा त्यानं त्यांच्या किचनचा गळका नळ दुरुस्त केला.

जमेच्या बाजूला असं होतं: हॉलंडच्या उत्तरेकडच्या, गाईगुरांच्या प्रांतात जन्म. गावच्या संघात बचावपटू, मग शहरातल्या. पाय धीमे, पण बॉल कुठे येणार ते आधी कळायचं. एकदा देशाच्या संघातही निवड झाली. त्या रात्री गावात चर्चची घंटा वाजवली होती म्हणे.

"सो?" लान्सीच्या पोरीनं, लॉरानं विचारलं. शाळा इंग्रजी, मराठी कानात शिरते पण तोंडातून निघत नाही. "डिड यू स्कोर?"

"मी बाकावर बसलो," हार्म म्हणाला. "वॉर्म-अप केला. कोचनं माझ्याकडे पाहिलं. मी जाकीट काढलं. मग त्यानं दुसऱ्याकडे पाहिलं."

एवढंच. पुन्हा बोलावणं आलं नाही. त्यानं ती जर्सी कधी धुवायला टाकलीच नाही, कारण तिला घामच लागला नव्हता.

पुढे गुडघा गेला, तो कोच झाला. लहान संघ वर आणला, म्हणून मोठ्या संघानं नेला. मोठ्या संघानं नाताळच्या आधीच सोडला. मग सायप्रस, घाना, ओमान, मलेशिया. जिथे बुडतंय तिथे जा, गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहा, संघ काठाला लागला की सगळे टाळ्या वाजवतात आणि पुढच्या मोसमाला दुसरा कोच आणतात. मधे कधीतरी बायको गेली. त्या वेळी तो मलेशियात होता. मुलगी फेम्के वडिलांना पोस्टकार्डांवरून ओळखत मोठी झाली.

"शी मस्ट हेट यू," लॉरा म्हणाली. मार्सेलिनानं टेबलाखालून तिला लाथ घातली.

"नाही," हार्म म्हणाला. "द्वेष करायला माणूस घरी असावा लागतो."

लान्सी हसला आणि त्यानं ताटातला मासा उगाच उलटा केला. त्याचंही घर वसईत होतं, गिरीजला, वर्षातून एक महिना उघडणारं. त्या महिन्यात तो राजा असे. भाऊ कोंबडी कापत, पाद्री हात हातात घेत. आणि दरवर्षी कोणीतरी विचारीच, "मग लान्सी, कायमचा कधी येतोस?" त्या प्रश्नात माया किती आणि धास्ती किती, हे त्यानं कधी वेगळं करून पाहिलं नव्हतं.

*

हार्मची काम करायची रीत एकच होती. पहिल्याच दिवशी त्यानं खेळाडूंना सांगितलं: खेळ थांबला की माझ्याकडे बघा. बॉल बाहेर गेला, फाउल झाला, कोणी पडला, काहीही होवो. आधी माझ्याकडे बघा. मी हात वर केला तर मागे या, हात छातीवर ठेवला तर घाई नको. काहीच केलं नाही तरी बघा.

"काहीच केलं नाही तर कशाला बघायचं?" कप्तान मिर्झानं विचारलं. मिर्झा तिशी ओलांडलेला, गावातला लाडका, आणि आतापर्यंत आलेल्या प्रत्येक कोचला पुरून उरलेला.

"मी अजून इथेच आहे, हे बघायला."

पहिले काही सामने खेळाडू हसले. मग बघू लागले. एकदा लागलेली सवय सुटेना. प्रॅक्टिसमध्ये बाटली उपडी झाली तरी सगळी तोंडं कोचकडे वळत. आणि कसं कोण जाणे, पण त्या बघण्यानं संघ उभा राहिला. सुंदर खेळत होता असं नाही. हरायचा बंद झाला. तळातून एक पायरी वर, मग अजून एक. शेवटचा सामना उरला तेव्हा हिशेब सरळ होता: बरोबरी झाली तरी क्लब वरच्या गटात राहतो, आणि राहिला तर करारातल्या कलमानं कोचला आपोआप आणखी एक वर्ष. हरला तर क्लब खाली, आणि खालच्या गटात युरोपियन कोच परवडत नाही.

"ते एक वर्ष मला पाहिजे," हार्म लान्सीला म्हणाला. इतक्या दिवसांत काही 'पाहिजे' असं तो पहिल्यांदाच म्हणाला होता.

कारणही होतं. फेम्केला मुलगा झाला होता, वेळेच्या खूप आधी. तो अजून हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होता.

"मग तर तुम्ही घरी जायला पाहिजे, कोच."

"जायचंय. पण सुट्टीवर. सुट्टीवर आलेला आजोबा वेगळा असतो लान्सी, त्याला जायची तारीख असते. लोक त्याला आनंदानं कॉफी देतात. कायमचा आलेला आजोबा किचनच्या खुर्चीत बसतो, आणि त्या खुर्चीभोवतीची फरशी पुसावी लागते." मग म्हणाला, "ज्या मुलीसाठी मी कधी घरी आलो नाही, तिच्याकडे दुसरीकडे जागा नाही म्हणून येणं... ते नको."

लान्सीनं मान हलवली. हे त्याला कोणी समजावून द्यायची गरज नव्हती.

"आणि पोरांना यातलं काही सांगू नकोस. बाळाचं काही. त्यांना वाटेल माझं लक्ष इथे नाही."

"माझ्या पोटातून काही बाहेर पडत नाही," लान्सी म्हणाला. आणि ते खरंच होतं.

*

सामन्याच्या आदल्या दिवशी हार्म लान्सीच्या केबिनमध्ये आला. चेहरा असा की लान्सी उठूनच उभा राहिला.

"नळ्या काढल्या. तो स्वतः श्वास घेतोय. पुढच्या आठवड्यात घरी."

लान्सीनं त्याला मिठीच मारली, पोटापर्यंतच पोचली.

"आमच्याकडे बाळ झालं की टोस्ट वाटतात," हार्म म्हणाला. "वर लोणी आणि बडीशेपेच्या गोळ्या. मुलगा असेल तर निळ्या. इथे कुठे मिळणार? उद्या सामना झाला की पोरांना सांगणार आहे. काहीतरी वाटायला हवं होतं."

"ते माझ्यावर सोडा. आमच्याकडे पेढे वाटतात."

पेढे मनामा शहरात मिळत नाहीत असं नाही. पण लान्सीच्या मनात आलं, साखरेचे गोळे कसले वाटायचे, ह्या माणसासाठी चांगलं काहीतरी हवं; आणि चांगलं म्हणजे काय, याचं त्याच्याकडे अनेक वर्षांचं एकच उत्तर होतं. संध्याकाळी तो बाब अल बहरीनला गेला. दुकानदारानं त्याला दारात पाहूनच सगळ्यात मोठा डबा काढला आणि न विचारता पांढरी फीत बांधली.

"आता कोण चाललं?" दुकानदारानं विचारलं.

"कोणी नाही! या वेळी कोणीतरी आलंय," लान्सी म्हणाला, आणि आपल्याच विनोदावर खूश होत गाडीत बसला. समोरचा माणूस त्याच्या तोंडावर बोलला होता, तरी उजेड पडला नाही. आनंदात असलेला माणूस हिशेबाला कच्चाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं डबा केबिनमधल्या लोखंडी कपाटात ठेवला. थोड्या वेळानं नजीब कप्तानाच्या दंडाची पट्टी न्यायला आला. नजीब म्हसळ्याचा, क्लबाच्या जर्सी, बूट, बर्फ, टॉवेल सगळं त्याच्याकडे, आणि सगळ्या बातम्याही. क्लबात मराठी बोलायला हे दोघंच, त्यामुळे भांडायलाही दोघंच. पट्टी कपाटातच होती. नजीबनं कपाट उघडलं आणि तो तसाच उभा राहिला.

"लान्सीभाय," तो म्हणाला. "आज?"

"काय आज?"

"नाय... डबा हाय."

"असू दे."

"कोणाचा?"

लान्सीनं चष्मा काढला आणि पुसायला घेतला. पोरांना सांगायचं नाही असा शब्द दिलेला. "नजीब, आपलं काम बघ."

नजीबनं पट्टी घेतली. दाराशी थांबला. "चांगला माणूस होता," म्हणाला, आणि गेला. लान्सीला वाटलं, याला ऊन लागलंय.

*

सूर्यास्ताच्या, मगरिबच्या नमाजानंतर सामना होता. त्याआधी लान्सी ड्रेसिंग रूमच्या बोळातून जात होता, तर मिर्झा भिंतीला टेकून बूट बांधत होता.

"लान्सी," त्यानं मोडक्या हिंदीत विचारलं, "नया कोच कौन? अरब है या फिर गोरा?"

"कौन सा नया कोच?"

मिर्झानं हातानं हवेत एक गोल डबा काढून दाखवला, वर फीतही बांधली. शेजारचे दोघे खाली मान घालून हसले.

आता उजेड पडला. दिलेला शब्द गेला खड्ड्यात, असं म्हणून लान्सी घाईनं बोलू लागला, "अरे नहीं! वो दूसरा है! कोच नाना बन गया! बेटी को बेटा हुआ, इसलिए मिठाई है!"

मिर्झानं शांतपणे दुसरी नाडी बांधली. "मबरूक," त्यानं अरबीत अभिनंदन केलं. "पिछले वाले का ससुर मर गया था."

यावर बोळात जो हशा उठला त्यात दुष्टपणा नव्हता, आणि तेच वाईट होतं. पोरं लान्सीवर चिडली नव्हती. त्याचं कामच खोटं बोलणं, तो बिचारा काय करणार, अशी समजूत होती. इतक्या वर्षांच्या आजारी आया, सासरे आणि जुळी बाळं एका ओळीत उभी राहून लान्सीकडे बघत होती.

तो कोचच्या खोलीकडे पळाला. दार उघडं, आत क्लबाचे अध्यक्ष. पांढराशुभ्र पोशाख, हात हार्मच्या खांद्यावर, शुभेच्छा देत होते. त्यांच्यासमोर काय बोलणार? 'पोरांना वाटतंय कोचला काढलं,' हे अध्यक्षांच्या कानी पडलं तर न सुचलेली गोष्ट त्यांना सुचायची. लान्सी दारात उभा राहिला. मागून खेळाडू मैदानाकडे चालले होते, आणि जाता जाता प्रत्येकानं अध्यक्षांचा तो खांद्यावरचा हात पाहून घेतला.

"काय लान्सी?" हार्मनं विचारलं. शर्टाला इस्त्री केलेली होती.

"काही नाही, कोच. ऑल द बेस्ट."

पहिला थ्रो-इन अल् सफीनालाच मिळाला. हार्मनं हात छातीवर ठेवला. कोणी बघितलं नाही.

लान्सी स्टँडच्या खालच्या पायरीवर उभा होता, त्याला सगळं दिसत होतं. बॉल बाहेर जाई, आणि मिर्झा स्टँडमध्ये बसलेल्या दुसऱ्या क्लबांच्या माणसांकडे बघे. एकजण बेंचवर बसलेल्या भावाकडे बघे. गोलकीपर आपल्या हातमोज्यांकडे. खेळत नव्हते असं म्हणता येणार नाही. पळत होते, घाम येत होता. पण जाणाऱ्या माणसासाठी कोणी गुडघा फोडून घेत नाही. पुढच्या कोचसाठी गुडघा लागणार असतो. हार्म कडेला उभा राहून हात वर करी, ठेवी, पुन्हा वर करी. मग त्यानं हात पँटच्या खिशात घातले. एक गोल बसला.

मध्यंतरात लान्सीला आत जायची मुभा नव्हती. तिथे काय झालं ते त्याला नंतर नजीबनं सांगितलं, आणि सांगताना बर्फाच्या बादलीकडे बघत सांगितलं.

हार्मनं आधी दार लावलं. मग म्हणाला, मला तुम्हाला सामन्यानंतर एक गोष्ट सांगायची होती, ती आता सांगतो, कारण तुम्हाला काहीतरी झालंय आणि मला कळत नाहीये काय. मला नातू झालाय. फार लहान होता, लोक म्हणत होते जगणार नाही. काल त्याच्या नळ्या काढल्या. तो लढला. तुम्हीही लढा, बस्स.

"मग?" लान्सीनं विचारलं.

"मग काय. मिर्झानं उठून हात मिळवला, मबरूक म्हटलं. बाकीच्यांनीपण. रांग लावली लान्सीभाय, लायनीत. मयतीला लावतात तशी." नजीबनं बादली उचलली. "त्यांना वाटलं, हेच ते कौटुंबिक कारण. आता कोच स्वतःच्या तोंडानं सांगतोय म्हणजे खलास."

दुसरा गोल लवकरच बसला. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा सवयीनं एकच पोरगा कोचकडे वळला, राखीव खेळाडूंतला, जो मैदानात उतरलाच नव्हता.

*

दोन दिवसांनी अध्यक्षांनी लान्सीला बोलावलं. "नोटीस तयार कर."

"कारण काय लिहू?"

अध्यक्षांना नवलच वाटलं. "कौटुंबिक. नेहमीचं."

लान्सीनं ती टाइप केली. 'नातवाच्या जन्मानिमित्त कुटुंबासोबत राहण्यासाठी.' इतक्या वर्षांत पहिल्यांदा नोटिशीतलं कारण खरं होतं, आणि पहिल्यांदाच त्यानं ते खोडून पुन्हा टाइप केलं. बोर्डावर लावली तेव्हा येणारे-जाणारे वाचून हसत होते. "या वेळी बाळ," कोणीतरी म्हणालं. "प्रगती आहे."

डबा त्यानं घरी नेऊन फ्रीजवर ठेवला होता. तो कोचला द्यायचा नाही असं त्यानं ठरवलं होतं. मार्सेलिना म्हणाली, "टाकून तरी दे, मला बघवत नाही." तेही होईना. निघायच्या दिवशी शेवटी त्यानं तो गाडीच्या डिकीत, स्टेपनीच्या मागे सरकवला. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

विमान दुपारचं होतं. हार्मच्या फ्लॅटमधलं कपाटाचं दार अजून नीट लागत होतं. डिकीत तीच बॅग, वर हत्यारांची पेटी. गाडी एअरपोर्टकडे जाणाऱ्या मुहर्रकच्या पुलावर चढली.

"एक समजलं नाही मला," हार्म म्हणाला. बाहेर समुद्र कथिलासारखा पडला होता. "वाईट खेळले असते तर समजलं असतं. पण त्यांनी बघणं का बंद केलं?"

लान्सीनं सांगितलं. डबा, फीत, नजीब, बोळ, सासरा, सगळं. मध्ये एकदा मागच्या गाडीनं हॉर्न मारला, कारण बोलता बोलता तो रस्त्यात थांबल्यासारखाच झाला होता. सांगून झाल्यावर त्याला वाटलं, हा आता ओरडेल; बरं होईल ओरडला तर.

हार्म खिडकीबाहेर बघत राहिला. एअरपोर्टचं वळण आलं तेव्हा म्हणाला, "एका डब्यानं जो संघ मोडतो, तो माझा झालाच नव्हता."

लान्सीला थोडं हायसं वाटलं. तेवढ्यात हार्म पुढे म्हणाला, "पण तू डबा आणला नसतास, तर मला ते कधी कळलं नसतं. निदान आणखी एक वर्ष तरी."

लान्सीनं गाडी लावली, बॅग उतरवली, डिकी बंद करायला हात वर केला.

"माझा हलवा?"

"कोच..."

"सगळ्यांना दिलास म्हणतोस. ब्राझीलवाल्यालाही."

लान्सीनं स्टेपनीच्या मागून डबा काढला. पांढरी फीत ग्रीसनं काळी झाली होती. तो ती शर्टाच्या टोकानं पुसू लागला.

"राहू दे," हार्मनं डबा काखेत घेतला. "फेम्के विचारेल कसला. काय सांगू?"

"बाळाचा आहे ना. बाळाचाच होता."

हार्म त्याच्याकडे बघत राहिला. त्या पिंगट भुवयांखाली बोळातल्या मिर्झासारखंच काहीतरी होतं, न चिडलेलं. "मबरूक," तो म्हणाला, आणि हात पुढे केला.

*

नवा कोच मोरोक्कोचा होता. ट्रॉलीवर तीन मोठ्या बॅगा. लान्सीनं पाटी धरली, व्हिसा, मेडिकल, रेसिडेंट कार्ड, फ्लॅट. कपाटाचं दार बघून मोरोक्कोवाला म्हणाला, हे छान आहे. मार्सेलिनानं शुक्रवारी मासा केला तेव्हा लॉरानं विचारलं, "इज ही कमिंग, द न्यू वन?" लान्सी म्हणाला, "नाही, तो हॉटेलात जेवतो." खरं म्हणजे त्यानं बोलावलंच नव्हतं.

क्लबात आता तो हातात काही घेऊन चालत नाही. जेवणाचा डबासुद्धा प्लॅस्टिकच्या पिशवीत नेतो, म्हणजे आकार कळत नाही. तरी बोळात पोरांची नजर आधी त्याच्या हातांवर जाते, मग तोंडावर.

पाऊण महिन्यानं हार्मचा फोटो आला, मजकूर काही नाही. कोणाच्या तरी किचनमधलं टेबल. टेबलावर टोस्टची ताटली, वर निळ्या गोळ्या, शेजारी हलव्याचा डबा, उघडलेला, एका कडेनं थोडासाच खाल्लेला. एक तरुण बाई बाळाला कॅमेऱ्याकडे धरून हसत होती. फ्रेमच्या टोकाला, भिंतीशी, खुर्चीत हार्म बसला होता, हातात स्क्रू-ड्रायव्हर, आणि कोणीही त्याच्याकडे बघत नव्हतं.

लान्सीनं फोटो मोठा करून पाहिला. खुर्चीभोवतीची फरशी ओली होती, नुकती पुसल्यासारखी.

"दाखव," मार्सेलिना म्हणाली.

"काही नाही," लान्सी म्हणाला आणि चष्मा पुसायला काढला. "बाळ चांगलं आहे."